भट्टी बंद होत नसते

आमचे बाबा, श्यामराव, स्टील प्लांटात भट्टीवर अधिकारी होते. तिथे ‘शटडाऊन’ हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. त्याला परवानगी लागते, सह्या लागतात. निवृत्तीनंतर रिसालीच्या घरात भट्टी नव्हती, म्हणून तो मान कॉम्प्युटरला मिळाला. बाबा विंडोज कधीच बंद करत नसत. लॅपटॉपचं झाकण लावायचं आणि बाहेरची हार्ड डिस्क वायरीसकट उपटायची. “चालती भट्टी बंद करत नसतात,” म्हणायचे. चालत्या भट्टीत हात घालून कोळसा तरी कोण ओढतं, हे मी विचारलं नाही.

शेवटी त्यांचा लॅपटॉप मेला आणि डिस्क माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपला लावावी लागली. लिनक्सने उघडायला साफ नकार दिला: व्हॉल्यूम, म्हणजे डिस्क, डर्टी आहे.

“डर्टी?” बाबांना भयंकर लागलं. “रोज फडक्यानं पुसतो मी तिले.”

“बाबा, लिहिता लिहिता उपटली की डर्टी होते. कुठे काय ठेवलंय, तेच तिले समजून नाही राहिलं.”

आईला फक्त एक फाइल हवी होती: जवळच्याच पद्मनाभपुरच्या सीमामावशीचा आवाज. मावशी गेल्या वर्षी गेली. त्याआधी तिने सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीरवडी, कशी करायची ते आईच्या फोनवर बोलून ठेवलं होतं, मध्ये मध्ये हसत. ते डिस्कवर उतरवून फोनमधली प्रत बाबांनी ‘जागा होते’ म्हणून पुसली होती. एरवी आमच्या घरात मावशीचं एक वाक्य पूर्ण झाल्याचं मला आठवत नाही. मध्येच बाबा सुरू होत.

“हात लावू नका,” मी बजावलं. “पावर हाउसच्या बाजारातून नवी डिस्क आणते. आधी सगळं तिच्यात उतरवू, दुरुस्ती मग.”

परत आले तर बाबा खुर्चीत ऐसपैस बसलेले. इंटरनेटवरून कमांड शोधून त्यांनी डर्टीची खूण पुसली होती. दुरुस्ती नाही, नुसती खूण. साहेब येणार म्हणून रस्त्याच्या कडेला चुना मारतात, तशी.

“पाह्य, उघडली. तू कावून घाबरून राहिली होती?” वर आपल्या निरोप समारंभातल्या भाषणाचं रेकॉर्डिंगही त्यांनी ‘सुरक्षित जागी’ म्हणून फोनमधून तिच्यावर चढवलं होतं.

अशी बिघडलेली डिस्क भरलेली जागा रिकामी समजते आणि तिथेच नवं लिहिते.

आईने फाइल लावली. नाव मावशीचंच होतं.

“वसू, सांबार बारीक चिर, पण पानी...” मावशी हसली. आणि मध्येच बाबांचा आवाज घुमला: “आदरणीय महोदय एवं उपस्थित साथियों...”

पुढे शेवटपर्यंत भाषणच होतं. आईने ते सगळं ऐकलं.

“जिवंत होती तेव्हाही तुम्ही तिले बोलू देलं नाही,” ती म्हणाली.

बाबांनी सवयीने वायरीकडे हात नेला. आईने तो धरला. “आधी बंद करा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शटडाऊन कुठे दाबायचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं.