अन्यत्र

मी एक जुनी कचराकुंडी आहे. मित्रांनो, नाकाला रुमाल लावायचा असेल तर खुशाल लावा, मला सवय आहे. फक्त कान उघडे ठेवा.

माझा जन्म शीळफाट्याजवळच्या एका वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. जाड पत्रा कापून, वाकवून मला आकार दिला. गाडीने उचलावं म्हणून बाजूंना दोन कान, खाली चाकं, वर दुपाखी झाकण. हिरवा रंग वाळला तेव्हा मी इतकी देखणी दिसत होते, की कारखान्यातल्या कामगारांनी त्या दुपारी माझ्या झाकणावर डबे मांडून जेवण केलं. आज हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

पालिकेने मला डोंबिवलीच्या वाटेवरच्या उंबरपाड्यात आणलं. पाडा आता नावापुरता होता. भाताच्या खाचरांवर सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि मधेमधे जुन्या गावकऱ्यांची बैठी घरं, दाताच्या फटीत अडकल्यासारखी. मला एका नव्या सोसायटीच्या फाटकाशी उभं केलं. नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, माझ्यासोबत फोटोही निघाले. ज्यांनी नारळ फोडला त्यांनी करवंटी माझ्यातच टाकली. तो माझा पहिला घास.

ते दिवस मजेचे होते. माणसं एकमेकांना काय सांगतात आणि माझ्यात काय टाकतात, याचा ताळा जमवणं हा माझा छंद. तिसऱ्या मजल्यावरचे काका 'साखर पूर्ण बंद' असं फाटकात उभं राहून सांगायचे आणि पेढ्यांचा खोका वर्तमानपत्रात गुंडाळून, वर बटाट्याची सालं पसरून माझ्याकडे पाठवायचे. 'आम्ही बाहेरचं खातच नाही' म्हणणाऱ्यांच्या घरातून दर रविवारी चायनीजचे डबे यायचे, स्वच्छ विसळलेले. मी कधी कोणाचं नाव घेतलं नाही. पोटात ठेवणं हेच तर माझं काम.

मग गाडी चुकायला लागली. आधी एक दिवसाआड, मग कधी येईल तेव्हा. मी भरले, वाहिले, माझ्या बुडाला गंज चढला, तिथून काळं पाणी गळायला लागलं. कुत्री आली, घुशी आल्या. मित्रांनो, तो वास खरं तर न आलेल्या गाडीचा होता. पण न आलेली गाडी कोणाला दिसत नाही. मी मात्र समोरच उभी होते.

सोसायटीच्या सेक्रेटरी उत्तराताई मोठ्या कामसू. सोसायटीतली प्रत्येक पाटी त्यांच्या हातची, कारण अक्षर छान, आणि त्यांच्या 'य'ला खाली एक ऐटदार वेलांटीसारखी शेपटी. एका रविवारी त्या पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन खाली उतरल्या आणि माझ्या अंगावर ठसठशीत अक्षरात लिहून गेल्या, 'येथे कचरा टाकू नये. आदेशावरून.'

वॉचमनने ते दोनदा वाचलं. "मॅडम, कचऱ्याच्या डब्यावर?"

"मग कुठे लिहू? वास तिथूनच येतो ना?"

"नाही, म्हणजे टाकायचा कुठे मग?"

"ते पालिका बघेल," उत्तराताई म्हणाल्या आणि ब्रश धुवायला गेल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी अर्ज केला. मोबाइलवरूनही आणि कागदावरही, सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्यांसकट. आरोग्यास धोका, डासांचा उपद्रव, लहान मुलं, ज्येष्ठ नागरिक, काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, 'तरी सदर कुंडी अन्यत्र हलविण्यात यावी.'

पालिकेचा मुकादम साईनाथ अर्ज घेऊन आला. डोक्याला टोपी, दाढी वाढलेली, स्वभावाने गरीब. "मॅडम, हलवतो. पण कुठे ते सांगा की."

"लिहिलंय ना. अन्यत्र."

"ते वाचलं मी. पण अन्यत्र म्हणजे नक्की कुठल्या गल्लीत?"

उत्तराताई हसल्या. साईनाथही हसला. मला गाडीवर चढवलं. जागा रिकामी झाल्याचा फोटो काढला गेला, उत्तराताईंच्या मोबाइलवर 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा निरोप आला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या. तक्रार निकालात निघाली आणि मी रस्त्याला लागले.

त्यानंतर मी पुष्कळ हिंडले. शाळेच्या भिंतीशी ठेवलं, तर मुख्याध्यापकांचं पत्र गेलं. दवाखान्यासमोर ठेवलं, डॉक्टरांचं पत्र गेलं. रिक्षा स्टँडवाल्यांची तर युनियनच होती, त्यांचं पत्र मी पोचायच्या आधीच पालिकेत पोचलं. प्रत्येकाकडे लेटरहेड होतं, शिक्का होता, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तोच शब्द होता. जाईन तिथे माझ्या अंगावरचं वाक्य वाचून लोक हसायचे आणि कचरा टाकायचे.

शेवटी साईनाथने मला ज्या भिंतीशी आणून टेकवलं तिथे लेटरहेड नव्हतं. चुन्याची भिंत, मातीचा सारवलेला ओटा, ओट्यावर चूल. अन्यत्र म्हणजे कुठे, ते मला त्या दिवशी कळलं. ते कमळाबाईंचं घर होतं.

कमळाबाई पाड्यातल्या जुन्या. दिरांनी खाचरं बिल्डरला दिली, त्यांनी घर तेवढं राखलं. रोज संध्याकाळी सून जया आणि त्या ओट्यावर बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या. पांढऱ्याशुभ्र, तव्यावर टम्म फुगणाऱ्या. कामावरून परतणारे लोक रांगेत उभे राहून गरम भाकऱ्या घेऊन जायचे, सोबत सुकटीची चटणी. त्या ओट्यावरच सासूसुनेचं घर चालत होतं.

"चार दिवस ठेवतो, मावशी," साईनाथ जमिनीकडे बघत म्हणाला. "वरून दुसरी जागा मिळाली की लगेच उचलतो."

"ठेव, पोरा. पानी पितंस का?" कमळाबाईंनी विचारलं.

तो पाणी प्यायला. तांब्या परत देताना त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नसतं, पण मला दुसरीकडे तोंड करता येत नाही.

ओट्याच्या खांबावर एक लाकडी पाटी होती. 'येथे तांदळाच्या भाकऱ्या मिळतील.' मी ती वाचली आणि माझा पत्रा गार पडला. तोच 'ये'. खाली तीच ऐटदार शेपटी. पुढे जयाच्या बोलण्यातून कळलं, की उत्तराताई नव्याने राहायला आल्या तेव्हा त्यांच्याकडे गॅस यायचा होता. तोवर त्यांचं दोन्ही वेळचं जेवण याच चुलीवर झालं. त्याची आठवण म्हणून ही पाटी त्यांनी रंगवून दिली होती. आता एकाच हाताची दोन वाक्यं शेजारीशेजारी उभी होती. एक बोलवत होतं आणि दुसरं, माझ्या अंगावरचं, हाकलत होतं. हे एकट्या मलाच ठाऊक आहे, असं मी धरून चालले.

चार दिवस कधीच सरले. गाडी इथेही रोज येईना. माझं काळं पाणी कमळाबाईंच्या भिंतीत मुरायला लागलं. त्या पिठाच्या परातीवर फडकं टाकायच्या, तरी माशा त्यावर बसायच्या. रांग आखडत गेली. कोणी नाकाला ओढणी लावून दोन भाकऱ्या घेई, मग तेही येईनासे झाले. मित्रांनो, मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटायची, सांगू? लोक भाकऱ्या खायचे थांबले नव्हते. दुसऱ्या कोणाच्या तयार भाकऱ्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या, वरच्या लेबलासकट, माझ्यातच येऊन पडत होत्या. कमळाबाईंची गिऱ्हाइकं कुठे गेली, ते माझ्या पोटात लिहिलेलं होतं आणि मी त्यांच्याच दारात उभी होते.

त्यांच्या घरातून मात्र माझ्यात कधी काही आलं नाही. सालं, शिळंपाकं कोंबड्यांना, राख अळूच्या वाफ्याला. ज्या एका घराला माझी गरज नव्हती, त्याच घराला मी बांधलेली होते.

जया चिडायची. "आय, पालिकेत जाऊन सांग ना. सगले तक्रार करतात, आपनच का नाय?"

"कोनाची करू? कुंडीची? ती काय आपल्या पायानी आली?"

"मग पुरी चूलच बंद करू का? आज परातीत अर्धं पीठ तसंच राह्यलं."

कमळाबाईंनी उरलेलं पीठ झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पीठ कमी मळलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी कमी. जया शेजारणीला सांगत होती, की महिना संपला की ती कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाणार आणि चूल बंद.

श्रावणाच्या आधीचा शनिवार आला. त्या वेळी उंबरपाड्यात सगळ्यांना एकदम आठवतं, की पुढचा महिनाभर मासे नाहीत. उत्तराताईंच्या सोसायटीने गच्चीवर जेवण ठरवलं होतं. भाकऱ्या कमळाबाईंच्याच हव्यात, असा उत्तराताईंचा हट्ट. ग्रुपवर कोणीतरी लिहिलंही, की 'तिथे हल्ली फार घाण असते', पण त्या स्वतः ऑर्डर द्यायला आल्या.

वळणावरच त्यांनी पदर नाकाला लावला. मग माझ्याकडे लक्ष गेलं. आधी गंज दिसला असेल, मग पांढरी अक्षरं. त्या उभ्या राहिल्या त्या तशाच. पदर हळूहळू खाली आला. वास तर तेवढाच होता.

"अगं बाय, उत्तरा ना तू?" ओट्यावरून कमळाबाई म्हणाल्या. "किती दिसांनी. ये, बस."

उत्तराताई ओट्याच्या कडेला टेकल्या. "मावशी, ही कुंडी इथे कधी आली?"

"झाले की महिने. चार दिस म्हनून आलेली."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"कोनीतरी बोललं म्हनून तं आली ना ती हिकरं," कमळाबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

जया पीठ मळता मळता थांबली. उत्तराताईंनी ऑर्डर सांगितली, आकडा मोठा होता. जयाचा चेहरा उजळला, तर त्यांचा आणखी उतरला. गच्चीवरच्या त्या रात्रीच्या भाकऱ्या कोणी माझ्यात टाकल्या नाहीत, पण उत्तराताई जेवल्या का, ते मला कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी त्यांनी साईनाथला तिथेच बोलावलं. तो कोऱ्या कागदासकट आला.

"हलवतो, मॅडम. लिहून द्या. पण या वेळी जागेचं नाव टाका. तो मागचा शब्द टाकू नका, त्या पत्त्यावर जाऊन माझी मान खाली जाते."

उत्तराताईंनी पेन उघडलं. 'तरी सदर कुंडी' इथपर्यंत अक्षर नेहमीसारखं झरझर आलं आणि मग थांबलं. शाळा? दवाखाना? रिक्षा स्टँड? त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. प्रत्येक जागी कोणाचं ना कोणाचं दार होतं. मग त्यांनी खाली मान घालून लिहिलं, 'मूळ जागी, आमच्या फाटकाशी आणून रोज रिकामी करावी.'

साईनाथने ते वाचलं. "रोज रिकामी करावी, हे आजवर कोणी लिहिलंच नव्हतं," तो म्हणाला. "सगळे हलवाच म्हणतात. हे लिहिलंत तर मला वर दाखवता येईल, गाडी मागता येईल. पण तुमची कमिटी ऐकेल?"

"शिव्या घालेल. सेक्रेटरी दुसरा बघतील." त्यांनी सही केली. खाली बाकी बिऱ्हाडांच्या सह्यांची जागा रिकामीच राहिली.

मला न्यायला गाडी आली त्या दिवशी संध्याकाळची चूल पेटलेली होती. उत्तराताई आल्या होत्या. माझे कान आकड्यात अडकवले जात होते, तेव्हा मी त्यांना म्हणताना ऐकलं, "मावशी, एक सांगायचं होतं. त्या कुंडीवरचं अक्षर…"

"तुजं हाय. म्हायती हाय मना."

उत्तराताईंनी खांबावरच्या पाटीकडे बघितलं.

"मना वाचता येत नाय बाय. पन ती शेपटी वलखतं मी. रोज पाटीव बघतं ना."

"मग पहिल्या दिवशीच बोलायचं होतंत. तुमचं इतकं नुकसान झालं."

"बोलले असते तं तू या वट्याव परत चढली असतीस का?" कमळाबाईंनी तव्यावरची भाकरी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "गरम हाय तवर खा."

गाडीने मला उचललं. वरून मी पाहिलं, उत्तराताई ती भाकरी कोरडीच खात होत्या, एकेक घास, आणि मान वर करत नव्हत्या.

आता मी पुन्हा माझ्या मूळ जागी आहे. गाडी बहुतेक रोज येते. ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी उत्तराताई फोन करतात. सेक्रेटरी मात्र दुसरे झाले आहेत. माझ्या अंगावरचं वाक्य पुसायला त्या एकदा घासणी घेऊन आल्या होत्या. 'नये' आणि 'आदेशावरून' तेवढं निघालं. 'येथे कचरा टाकू' इतकं राहिलं आहे. वाक्य अर्धं आहे, पण निदान खरं आहे.

कमळाबाईंची चूल बंद झाली नाही. जया कंपनीत गेली नाही. रांग मात्र पूर्वीएवढी लांब नाही. गेलेली सगळीच गिऱ्हाइकं परतत नसतात, हे पिशव्यांवरच्या लेबलांवरून मला रोज दिसतं. साईनाथ सांगत होता, की त्या भिंतीला दोनदा चुना लावला, तरी माझा डाग पुन्हा वर येतो.

उत्तराताईंच्या घरातून माझ्यात सगळं येतं. दोडक्याच्या शिरा, चहाचा चोथा, संपलेली पेनं. भाकरीचा तुकडा मात्र आजवर एकदाही आलेला नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही दारात कसला ना कसला त्रास होईल आणि तुम्ही अर्ज कराल. जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. फक्त शेवटची ओळ लिहिताना जरा थांबा. पायात चप्पल घाला, त्या 'अन्यत्र'पर्यंत चालत जा आणि तिथल्या ओट्यावर कोण बसलं आहे ते बघून या. मग परत येऊन अर्ज पुरा करा.