शिवरात्रीच्या आधी

मार्कंड्याच्या यात्रेकरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळेत त्या हिवाळ्यात आम्ही बेघर माणसांची निजायची सोय केली होती. स्वराज्याला आठ-नऊ वर्षं झाली होती, तरी वैनगंगेच्या काठी उघड्यावर दोघं गारठून मेली. तेव्हा मनसारामभाऊंनी वर्गणी काढली आणि मला चुलीपाशी बसवलं. भाऊ देवमाणूस, पण कुणी दोन गोड शब्द बोललं की विरघळायचे. मला विरघळता येत नाही, म्हणून माझ्या तोंडाला सगळे भ्यायचे.

महाशिवरात्रीच्या जत्रेआधी यात्रेकरूंसाठी जागा रिकामी करून द्यायची होती. मग ही माणसं जाणार कुठे? भाऊंचं उत्तर एकच, बाबुलाल. बांबूच्या ठेकेदाराचा हा मुकादम ट्रक घेऊन यायचा, घोंगड्या दान द्यायचा आणि धडधाकट माणसं जंगलात कामाला न्यायचा. पहिल्या खेपेला धर्मशाळेत निजणारा चैतू गेला. त्याचा काहीच निरोप नव्हता.

त्या संध्याकाळी बाबुलालनं आणलेल्या घोंगड्या मी झटकत होते. एकीवर निळ्या दोऱ्याचे टाके दिसले. आडवेतिडवे, माझेच. चैतू निघाला तेव्हा त्याची फाटकी घोंगडी मीच शिवून दिली होती.

"बाबुलालभाऊ, हे चैतूची घोंगडी होय ना? तो कुठी हाय?"

त्यानं विडी विझवली. "त्याले आता थंडी नाई वाजत, बाई."

बाजारात भाव सांगावा तसं बोलला मेला. मी ट्रककडे धावले. वर या खेपेला निघालेला लालसू बसला होता आणि त्याची बायको सुकरी खालून त्याला भाकरी देत होती.

"लालसू, उतर! चैतू मेला तिथी. त्याच्या अंगावरची घोंगडी वाटून राह्यले हे लोक!"

"गोकुळाबाई, दात्याले कायले दुखवता?" मनसारामभाऊ मागून ओरडले. मी वळूनही पाहिलं नाही. सुकरीनं मात्र माझ्या तोंडाकडे पाहिलं, भाकरी टाकली आणि नवऱ्याला हात धरून खाली ओढलं. माझा जीव भांड्यात पडला.

बाबुलाल जागचा हललाही नाही. "एक जागा झाली," तो ओट्यावरच्या माणसांना म्हणाला. "कोन येते?"

सगळ्यांनी माझं ओरडणं ऐकलं होतं. तरी तिघं उठले.

लालसूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शिवरातीले आमाले कुठी ठेवसान, बाई?"

त्यानं माझ्या उत्तराची वाट पाहिली, खरंच पाहिली. मग सुकरीच्या मुठीतून हात सोडवला आणि जागा जायच्या आत ट्रकवर चढला.