खिडकीजवळची खाट आणि सात

अशी कल्पना करा, की एका खोलीत दोन खाटा आहेत. एक खिडकीजवळ, दुसरी कपाटामागे. तुमच्या वाट्याला कपाटामागची आली आहे, आणि खिडकीसमोरच्या पत्र्यावर मांजरीने नुकतीच तीन पिल्लं घातली आहेत. आता कळलं ना, मुंगी नावाच्या मुलीचा जीव कुठे अडकला होता ते?

खिडकी कुणाची, हे दर रविवारी दोन फासे ठरवायचे. मुंगी आणि तिचा दादा एकेक बेरीज निवडायचे. ज्याची बेरीज आधी पडेल, त्याची आठवडाभर खिडकी. दादा घ्यायचा सात. मुंगी घ्यायची बारा, कारण तो सगळ्यांत मोठा. असे पाच रविवार गेले, आणि पाचही दादाच्या घशात.

"माझ्या हातालाच गुण आहे," दादा म्हणायचा.

शनिवारी मुंगी तोंड फुगवून आत्याच्या खोलीत गेली. आत्या पुस्तकं बांधायची. पुठ्ठ्याला खळ लावता लावता तिने विचारलं, "आज अबोला कुणाशी?"

"फाशांशी."

"अरेरे. त्यांना कळवलंस का?"

आत्याने मुंगीच्या मुठीतले फासे घेतले, एकाला तांबडी शाई फासली, दुसरा पांढराच ठेवला. "बारा कसे पडतात?"

"सहा नि सहा."

"आणखी?"

"आणखी कसे पडणार?"

"बरं, सात?"

"एक नि सहा, दोन नि पाच, तीन नि चार. तीन तऱ्हा."

"तांबडा एक, पांढरा सहा. आणि तांबडा सहा, पांढरा एक. हे एकच झालं होय गं?"

मुंगीने फासे उलटसुलट करून पाहिले. "मग सहा तऱ्हा."

"एकूण तऱ्हा छत्तीस. त्यांतली एक धरून तू बसलीस, सहा दादाने घेतल्या. हाताला गुण म्हणे."

मुंगीने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बाकीच्या बेरजा मांडल्या. सहाच्या पाच तऱ्हा, आठच्याही पाच.

"पण लक्षात ठेव," आत्या म्हणाली, "फासे कुणाचे मिंधे नसतात."

रविवारी मुंगी गरीब तोंड करून म्हणाली, "दादा, सात तुझेच. तुझ्या हाताला गुण. मला मेलीला सहा आणि आठ दोन्ही देशील?"

"तीन बेरजा घे हवं तर," दादा ऐटीत म्हणाला.

"नको, दोन पुरेत."

तिच्या दहा तऱ्हा, त्याच्या सहा. मुंगीने उशी उचलली आणि थेट खिडकीकडे निघाली. मग तिला दादाच्या त्या सहा तऱ्हा आठवल्या. तिने उशी दोन्ही खाटांच्या मधोमध जमिनीवर ठेवली, खिडकीच्या बाजूला जरा सरकवली, आणि दादाच्या हातात फासे दिले.