उरलेला द्राक्षारस

"तुम्ही एकट्यानं पिता का?" पडद्यावरच्या चौकटीनं विचारलं.

अर्डिस टॉलेफसननं चष्मा नाकावर नीट बसवला. खोटं बोलू नये हे तिनं चर्चच्या रविवारच्या शाळेत गावातल्या दोन पिढ्यांना शिकवलं होतं. ती प्याली तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं 'होय'वर बोट दाबलं.

पुढचा प्रश्न, दुपारच्या आधी पिता का. सकाळची प्रार्थना आटोपल्या आटोपल्या, म्हणजे दुपारच्या आधीच. होय. पिताना दार लावून घेता का? वारा येत होता म्हणून लावलं होतं, पण लावलं होतं खरं. होय. समोर आहे ते संपवल्याशिवाय उठू नये असं वाटतं का? इथं ती जरा खुलली, कारण इतका वेळ ही माणसं आडवंतिडवंच विचारत होती. वाटतं म्हणजे काय, तसा नियमच आहे. होय.

यंत्रानं थोडा विचार केला आणि लाल अक्षरांत निकाल दिला, की तुमचं व्यसन गंभीर टप्प्यावर आहे, कृपया जवळच्या माणसाशी बोला.

जवळचा माणूस स्वयंपाकघरात कॉफी करत होता. तिचा मुलगा ब्रेंट कप घेऊन बाहेर आला, तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि कप टेबलावर ठेवून हसायलाच लागला.

"अगं आई, मला दोन्ही वेळा पिवळाच आला होता."

अर्डिसला एकाहत्तरावं चालू होतं आणि आजवर कुणी तिला लाल शेरा दिलेला नव्हता. नॉर्थ डाकोटाच्या त्या कोपऱ्यातलं ल्यूथरन चर्च म्हणजे निम्मी अर्डिसच. वेदीवरची वस्त्रं धुणं, चांदी घासणं, मेणबत्त्या लावणं, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस मांडणं, सगळं तिच्याकडे. घरात दारूचा थेंब नाही. नवरा ऑर्विल असतानाही नव्हता आणि तो गेल्यावरही नाही. केकात घालायच्या व्हॅनिलाच्या बाटलीत थोडा मद्यार्क असतो, तेवढाच काय तो, आणि त्या बाटलीवरही तिनं पेन्सिलीनं खूण करून ठेवलेली होती. ती खूण कुणासाठी होती, हे त्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

घडलं ते असं. जानेवारीत बिशप येणार होते. बिशप येणार म्हणजे सारा तालुका लोटणार, म्हणून पाळकबाईंनी मोठी सुरई काठोकाठ भरायला सांगितली. आदल्या रात्री हिमवादळ आलं. बिशपांची गाडी महामार्गावरून घसरून कडेच्या चरात गेली आणि चर्चमध्ये मोजून एक बाकडं भरलं. पण तोवर प्रार्थना म्हणून झाली होती आणि सुरईतला द्राक्षारस पवित्र झाला होता. पाळकबाईंच्या गळ्यात तीन गावांची तीन चर्चं, त्या लगेच पुढच्या गावाला निघाल्या. सुरई आणि अर्डिस मागं राहिल्या.

पवित्र झालेलं मोरीत ओतायचं नाही. त्यासाठी मागच्या खोलीत भिंतीत एक लहान कुंड आहे, त्याची नळी गटाराला न जाता थेट मातीत उतरते. अर्डिसनं थोडं ओतून पाहिलं, ते तिथंच तुंबून राहिलं. खाली नळी गोठून दगड झाली होती. मग दुसरा मार्ग उरतो तो प्यायचा. पेल्याच्या तळाशी राहिलेला घोट ती दर रविवारी घ्यायचीच. त्या दिवशी तळ फार वर आला होता, एवढंच. शिवाय त्यांच्या चर्चचा द्राक्षारस म्हणजे गोड, घट्ट पोर्ट, साध्या वाइनपेक्षा जास्त चढणारी. खुर्चीवर ताठ बसून, दोन घोटांच्या मध्ये एकेक स्तोत्र म्हणत तिनं तो संपवला. स्तोत्रं पुढे पुढे फारच सुरेख जमायला लागली होती, असं तिला आठवतं.

मग ती गाडी घेऊन घरी निघाली. रस्त्याच्या मधोमध, माणूस चालेल त्या वेगानं, डावीकडे वळण्याचा दिवा लावून. डावीकडे त्या रस्त्याला कित्येक मैल वळणच नाही. तिला थांबवणारा पोलीस, कोल, तिच्याच रविवारच्या शाळेतला. बिचारा खिडकीशी येऊन म्हणाला, बाई, जरा यात फुंकता का? तिनं फुंकलं. कोलनं आकडा पाहिला, नळी झटकली आणि पुन्हा फुंकायला लावलं. यंत्र बिघडलंय असं त्याला वाटलं.

न्यायाधीश बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्यांनी तोंडासमोर कागद धरला, तो बराच वेळ खाली आला नाही. पण कायदा तो कायदा. अर्डिसचा गाडीचा परवाना काढून घेतला आणि व्यसनाची जाणीव करून देणारा ऑनलाइन वर्ग महिनाअखेरपर्यंत पुरा केला तर परत मिळेल असं सांगितलं. नाही केला तर नाही. तिकडं परवाना नाही म्हणजे पाय नाहीत. घर गावापासून लांब, शेतात. फार्गो शहरातली लेक जूनपासून वृद्धांच्या गाळ्यांची चित्रं पाठवत होती, आता तिला आयतं कोलीत मिळालं असतं. गाळ्यात गेलं की घर सुटलं, चर्च सुटलं, सगळंच सुटलं.

अर्डिसला संगणकाचं काडीचं ज्ञान नव्हतं. तिनं ग्रंथालयातल्या बाईला विचारलं, औषधाच्या दुकानातल्या पोराला विचारलं, पाळकबाईंना विचारलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हा वर्ग दोनदा केलेला माणूस तिच्या शेतात वारा अडवायला लावलेल्या झाडांपलीकडे एका ट्रेलरात राहत होता आणि रोज संध्याकाळी त्याच्या खिडकीतला दिवा तिला दिसायचा. पण चार वर्षांपूर्वी ब्रेंटनं नशेत तिच्या गॅरेजचं दार गाडीनं तोडलं, त्या दिवसापासून ती त्या ट्रेलरात गेली नव्हती आणि तो या घरात आला नव्हता. रस्त्यात दिसले की हात वर करायचे. तिकडचे लोक एवढ्यावर वर्षं काढू शकतात.

तो आपण होऊनच आला. धान्याच्या कोठारावर काम करायचा, तिथं सगळी बातमी पोचलेली होती. दारात बूट झटकत म्हणाला, "कुठला वर्ग दिलाय? बोलणारं यकृत असलेला का?"

तोच होता. पडद्यावर टोपी घातलेलं एक यकृत येऊन स्वतःची कर्मकहाणी सांगायचं, आणि ती पुढं ढकलता येत नव्हती. मध्येच चौकट यायची, तुम्ही अजून आहात का? अर्डिस मोठ्यानं "आहे" म्हणायची. ब्रेंटनं सांगितलं, तोंडानं नाही, बोटानं. तिनं बोट दाबलं, पण "आहे" म्हणायचं सोडलं नाही, विचारलं तर उत्तर द्यावं. वर्गाला बसताना ती चर्चचा निळा स्वेटर घालायची. कुणी बघत नाही गं, असं तो म्हणाला, तेव्हा तिनं त्याच्या मळक्या शर्टाकडं नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून आला.

रोज दुपारी काम संपवून तो यायचा, कॉफी करायचा. एकदा साखर शोधताना त्याच्या हाताला ती व्हॅनिलाची बाटली लागली. खूण त्यानं पाहिली, बाटली होती तिथं ठेवली आणि साखर कुठंय म्हणून विचारलं. नेमका त्याच दिवशी धडा होता घरच्या माणसांचा. यकृत सांगत होतं, की बाटल्यांवर खुणा करणं, कोट हुंगणं, खिडकीतून पाळत ठेवणं, यानं कुणी सुधारत नाही.

"यकृताला काय कळतंय घर चालवायचं," अर्डिस म्हणाली. ब्रेंटनं त्या दिवशी कॉफी फार वेळ ढवळली.

घोडं अडलं ते शेवटच्या पानावर. तिथं खुणा करून भागत नव्हतं, स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं: पुन्हा तशी वेळ आली तर तुम्ही काय वेगळं कराल? ते उत्तर खरीखुरी बाई वाचायची, डोलोरेस नावाची, आणि तिनं मान डोलावली तरच प्रमाणपत्र. अर्डिसनं लिहिलं, बिशपांना हिवाळ्याचे टायर घ्यायला सांगेन. डोलोरेसनं ते सभ्य शब्दांत परत पाठवलं. मग लिहिलं, शनिवारीच नळी तपासेन. तेही परत आलं. तिसऱ्यांदा अर्डिसनं पानभर धर्मशास्त्र लिहिलं, तेव्हा डोलोरेसनं एकच ओळ कळवली: बाई, वेगळं काय कराल, तेवढंच सांगा. महिना संपायला आला होता.

"पिणं चूक होतं असं मी लिहिणार नाही," अर्डिस म्हणाली. "गेले फार्गोला तरी चालेल. ते टाकायचं नसतं."

"पिणं चूक होतं असं कोण म्हणतंय?" ब्रेंट म्हणाला. "पिऊन गाडीत बसलीस ते चूक. मला फोन करायचास. मी घरीच होतो."

अर्डिस पडद्याकडंच बघत राहिली. पडद्यानं विचारलं, तुम्ही अजून आहात का? या वेळी ती काहीच बोलली नाही.

"रविवार होता," ती शेवटी म्हणाली. "सकाळची वेळ. मला वाटलं, तू शुद्धीवर नसशील."

ब्रेंटनं कप खाली ठेवला.

"तीन वर्षं झाली, आई, सोडून."

"मला काय माहीत. तू बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

दोघांचंही खरं होतं, आणि खरं असूनही त्यात कुणाला बरं वाटण्यासारखं काही नव्हतं. अर्डिसला भयंकर लाज वाटली. तीन वर्षं तिनं त्या खिडकीतला दिवा पाहिला होता, रोज नऊच्या सुमारास विझताना. पिऊन पडला असेल, असंच ती दर वेळी धरून चालली. पहाटे कामाला जाणारा माणूस लवकर झोपतो, हे तिच्या कधी डोक्यात आलं नाही. ती उठली, फ्रीजमधून लेफ्से, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी काढली, लोणी-साखर लावून गुंडाळली आणि त्याच्यापुढं ठेवली. त्यानं खाल्ली. मग दुसरी केली, तीही त्यानं खाल्ली.

नंतर ती संगणकासमोर बसली आणि एकेक अक्षर शोधत तिनं लिहिलं: मुलाला फोन करेन, तो येईल.

डोलोरेसचं उत्तर तासाभरात आलं. उत्तीर्ण. वर प्रमाणपत्र, त्यावर ते यकृत अंगठा उंचावून उभं. ब्रेंट म्हणाला, चौकट करून लाव भिंतीवर, माझी दोन आहेत, तिन्ही एका ओळीत लावू. तिनं त्याच्या पाठीत एक चापट मारली. पुष्कळ वर्षांनी मारली असावी, कारण नीट बसली नाही.

परवाना परत मिळाला, लेकीकडून चित्रं यायची थांबली. पण चर्चच्या नळीचं दुखणं तसंच होतं. थंडी मार्चमध्येही हटायला तयार नव्हती. ब्रेंट म्हणाला, कोठारावर पाइपाला गुंडाळायची विजेची गरम पट्टी असते, तळघरातून लावून देतो. ऑर्विलच्या अंत्यविधीनंतर त्यानं चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तो पुढच्या दारानं आला नाही. प्रार्थना चालू होती तोवर खाली तळघरात ठाकठूक करत राहिला. वर लोक गात होते आणि अर्डिसचं सगळं लक्ष त्या आवाजाकडं होतं.

लोक पांगले, पाळकबाई पुढच्या गावाला गेल्या. ब्रेंट हात पुसत जिना चढून मागच्या खोलीत आला. टेबलावर सुरई होती, निम्मीशी भरलेली. खोलीभर पोर्टचा गोड वास होता. त्याला तो आला हे अर्डिसला दिसलं. या माणसाचे खिसे तिनं तपासले होते, कोट हुंगले होते, त्याच्या हाती लागू नये म्हणून औषधाच्या कपाटालासुद्धा कुलूप लावलं होतं.

"बघ चालतंय का," ती म्हणाली आणि सुरई त्याच्या हातात दिली. "हळू ओत. शिंतोडे उडता कामा नयेत."

वारा येत होता, पण तिनं दार उघडंच राहू दिलं. मग त्याच्याकडं पाठ करून ती वेदीवरच्या वस्त्राची घडी घालायला लागली. मधोमध एक घडी, मग पुन्हा मधोमध. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मान वळवावी असं तिला फार वाटलं. तिनं घडी मोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली.

मग भिंतीच्या आत, खाली खोल, नळी गुडगुडली.

"झालं, आई."

तिनं न वळता हात मागं केला. सुरई हाती आली, तशी उजेडाला न धरता, आत न बघता, ती तिनं विसळायला घेतली.