वसुलीचा ढोल

कारखाना बंद पडला तेव्हा प्रितेशची घरपट्टी भरलेली होती. त्यानंतर तीन वर्षं भरली गेली नाही. मार्च २०१३ मध्ये थकबाकी चार हजार दोनशे साठ झाली.

गाव पनवेलहून नेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर. त्याच कारखान्यातून घरी बसलेले बावीस जण, आणि थकबाकीदारही तेच बावीस. ग्रामपंचायतीकडे पाण्याच्या पंपाचं वीजबिल भरायला पैसे उरले नाहीत. ग्रामसेवक कमलाकर भाऊसाहेबांनी थकबाकीदारांच्या दारात एक दिवस ढोल वाजवायचं ठरवलं. काही रक्कम भरली की ढोल बंद.

लग्नात ढोल वाजवणारा प्रितेश रिकामाच होता. झांजेला बळीराम. मजुरी प्रत्येकी तीनशे.

एकवीस दारं वाजवून झाली. कोणी काही भरलं नाही. शेवटचं दार प्रितेशचं.

"भाऊसाहेब, मजुरी आताच द्या," प्रितेश म्हणाला. "ती भरतो, म्हंजे वाजवायला नको."

"मजुरी काम संपल्यावर."

"काम किती उरलंय?"

"तुझं घर."

बळीराम झांज पुसत म्हणाला, "वाजव रं. नायतर लोक बोलतील, घरच्यांना सूट दिली."

प्रितेश वाजवू लागला. शेजारी बाहेर आले. त्याची आई शांती दारात उभी राहिली.

"शेजारच्या दाजींच्या दारात जोरात वाजवत व्हतास," ती म्हणाली. "आमची थकबाकी काय कमी हाय?"

त्याने जोर वाढवला.

पंधरा मिनिटांनी कमलाकरांनी त्याच्या हातात तीनशे रुपये ठेवले. शांतीने ते काढून घेतले आणि कमलाकरांना परत दिले. पावती फाडली गेली. दिवसाची वसुली तीनशे, खर्च सहाशे.

"पंचायतीला काय सुटलं?" बळीरामने विचारलं.

"वसुली झाली," कमलाकर म्हणाले.

वसुलीच्या रकान्यात शून्य नव्हतं, त्यामुळे पुढच्या वर्षीही मोहीम मंजूर झाली. मात्र थकबाकीदाराला पंचायतीचं काम दिल्याबद्दल लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला होता. म्हणून पनवेलहून दोन वादक आणले. प्रत्येकी पाचशे, रिक्षाभाडं वेगळं. प्रितेशकडे तोवर पाच हजार तीनशे ऐंशी थकले होते.

तो ओटीवर बसून ऐकत होता. शांतीने वादकांना पाणी दिलं.

"डावा हात ढिला पडतोय," प्रितेश म्हणाला.

वादक थांबला. "तुम्ही वाजवता? मग आम्हाला कशाला बोलावलं?"

"घरपट्टी भरलेली लागते," प्रितेश म्हणाला.