भोंग्याची वेळ

गावात शिलाई मशीनची दुरुस्ती करणारे तिघे होते, पण 'मिस्त्री' म्हटलं की माणसं एकाच दुकानाकडे बोट दाखवायची. बिघडलेलं मशीन तसंच ठेवणं या माणसाच्या रक्तातच नव्हतं. लग्नाला गेला तरी मांडवातल्या डुगडुगणाऱ्या खुर्चीखाली कागदाची घडी सारून यायचा. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत दोन महिन्यांपूर्वी असं काही आलं होतं, जे कुठूनही उघडून बघता येत नव्हतं.

मुलगी गोड होती. दिवसभर हसायची, बोटं चोखायची, आल्यागेल्याला डोळे मोठे करून न्याहाळायची. पण संध्याकाळचे पाच वाजले रे वाजले, की पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून जो सूर लावायची तो सातपर्यंत. समोरचा चांभार त्या सुरावर चहा टाकायचा. गल्लीने तिचं नाव भोंगा ठेवलं आणि आईबापांनीही ते मुकाट्याने घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, वजन केलं, पोट दाबून पाहिलं. "पोटशूळ आहे. काही बिघडलेलं नाही. तीन-चार महिन्यांची झाली की आपोआप थांबेल."

"आपोआप म्हणजे?" मिस्त्रीने विचारलं. आपोआप दुरुस्त होणारी वस्तू त्याने जन्मात पाहिली नव्हती.

घरी येऊन त्याने वही काढली. गिऱ्हाइकाच्या मशीनसाठी लिहायचा तसंच लिहिलं. तक्रार: आवाज. वेळ: पाच ते सात. कधीपासून: तिसरा आठवडा. पुढे 'कारण' असं लिहिलं आणि ती ओळ कोरी राहिली.

मग सापडलं ते दुरुस्तीला आलेलं शिंपीणमावशींचं मशीन. मावशी चार मुलांची आई, पायमशीन जुनं. त्याच्या चाकाला हेलकावा होता आणि पट्ट्याची क्लिप चाकावरून जाताना आपटायची. खट्, सर्र. खट्, सर्र. मिस्त्रीने बिघाड ऐकायला म्हणून एका संध्याकाळी भोंग्याला मांडीवर घेऊनच पायडल मारलं, आणि भोंगा बंद! दोन मिनिटांत पापण्या मिटल्या. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मुलीला काही झालं.

त्या दिवसापासून मिस्त्री खोटं बोलायला लागला. मावशी विचारायच्या, "झालं का हो मशीन?" आणि ज्याने आजवर दिलेली वेळ चुकवली नव्हती तो मान खाली घालून म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." असे बारा दिवस गेले. मावशी बिचाऱ्या हातशिलाई करत राहिल्या.

हे सगळं कशासाठी, तर सोमवारसाठी. बायको पोहायला शिकवायची. तीन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर तिला स्वतःची तुकडी मिळाली होती. पाण्याला घाबरणाऱ्या आठ मोठ्या बायका, संध्याकाळी पाच ते सात. सोमवारी ती गेली नसती तर तुकडी दुसरीला मिळणार होती.

"मला नाही वाटत जमेल," ती रविवारी टॉवेलची घडी घालता घालता म्हणाली. "ती इथे रडत असताना मी तिकडे कुणाला काय सांगणार, घाबरू नका म्हणून? फोन आला तर मी अर्ध्यातून परत येईन, आणि मग पुन्हा जाणार नाही. सांगून ठेवते."

"फोन येणार नाही," मिस्त्री म्हणाला. "मशीन आहे ना!"

सोमवारी पावणेपाचला ती गेली. कोपऱ्यापर्यंत तीनदा मागे वळली. पाचला भोंग्याने पहिली कुरकुर केली. मिस्त्री ऐटीत मशीनवर बसला, पोरीला खांद्याशी घेतलं, पायडल मारलं.

सर्रर्रर्र.

लोण्यातून सुरी जावी तसं मशीन चाललं. खट् नाही, हेलकावा नाही. क्षणभर मिस्त्रीला कौतुकच वाटलं, कुणी केलं हे इतकं सुरेख काम? आणि मग आठवलं, त्यानेच. दुपारी तो बाकावर बसला होता. डोक्यात संध्याकाळची काळजी, डोळ्यांवर झोप, आणि रिकामे राहायची सवय नसलेले हात. चाक बसवलं, पट्टा बदलला, तेल दिलं, वर फडक्याने पुसूनही ठेवलं. डोक्याला पत्ता नव्हता.

भोंगा पूर्ण सुरात लागला.

पोरीला एका हातात धरून मिस्त्रीने दुसऱ्या हाताने स्क्रू सैल केला. मशीन बंद पडलं. घट्ट केला, पुन्हा मंजुळ चालायला लागलं. जुना पट्टा शोधला, तर त्याचे तुकडे त्यानेच दुपारी कचऱ्यात टाकलेले. आयुष्यभर बिघडलेलं नीट करण्यात घालवलेल्या माणसाला नीट असलेलं बिघडवता येईना. कपाळावर घाम, कानात किंकाळी, आणि फोन समोर फळीवर. दोनदा त्याचा हात तिकडे गेला.

साडेपाचला मावशी दारात उभ्या. "अहो मिस्त्री, आवाज पार कोपऱ्यापर्यंत! आणि हे काय, माझं मशीन झालं?"

मिस्त्रीला लपवाछपवी जमेना. त्याने सगळं सांगून टाकलं, रडक्या आवाजात. मावशी आधी रागावल्या, मग कमरेवर हात ठेवून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे बारा दिवस माझ्या बोटांना सुया टोचल्या, आणि तुम्ही माझ्या मशीनचा पाळणा केलात!"

"चुकलं, मावशी."

"आता तिच्या आईला बोलवा."

"नाही," मिस्त्री म्हणाला. "तिला बोलावलं तर ती परत जाणार नाही." एवढं बोलून तो पोरीला छातीशी धरून दुकानात फेऱ्या मारायला लागला. करणार काय? हातात दुसरं काही उरलंच नव्हतं. पोरीच्या पाठीवरून हात फिरवत तो म्हणत होता, "रड बाई. मला नाही कळत तुझं काय दुखतंय. मी आहे, एवढंच."

दारापासून बाकापर्यंत, बाकापासून दारापर्यंत. मावशी आपलं मशीन पाहत होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली. रडण्याचा सूर खाली आला होता. आणखी चार फेऱ्या, आणि नुसते हुंदके. मिस्त्री थांबणार, तेवढ्यात मावशींनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पायाकडे दाखवलं.

मिस्त्रीच्या डाव्या चपलेची टाच सुटून कित्येक महिने झाले होते. जगाची दुरुस्ती करणाऱ्याच्या पायातच मोडकी चप्पल, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाऊल टेकलं की टाचेचा खिळा फरशीवर वाजायचा, मग चप्पल घासत यायची. खट्, सर्र. खट्, सर्र.

मिस्त्री थांबला नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी बायको आली, केस ओले, धापा टाकत. गल्लीत शांतता पाहून तिची पावलं आणखीच भरभर पडली होती. दारातून तिने पाहिलं. मावशी स्टुलावर पेंगत होत्या, मुलगी बापाच्या खांद्यावर लाळ गाळत झोपली होती, आणि बाप लंगडत लंगडत चालतच होता.

"रडली?" तिने हळूच विचारलं.

"रडली. खूप," तो म्हणाला. "तुझं?"

"दोघींनी पाण्यात तोंड बुडवलं," ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा फुलला की मिस्त्रीचे दोन्ही पाय दुखायचे थांबले. मग तिने मशीनकडे पाहिलं. "आणि हे इतकं चकचकीत कसं काय?"

पुढे भोंगा रोज पाचला वाजायचा आणि मिस्त्री चालायचा. कधी मुलगी लगेच निवायची, कधी तासभर नाही. समोरच्या चांभाराला मात्र ते लंगडणं बघवेना. एकदा तो हातोडी घेऊनच रस्ता ओलांडून आला. "मिस्त्री, द्या ती चप्पल. दोन मिनिटांचं काम आहे."

"पुढच्या आठवड्यात," मिस्त्री घाईने म्हणाला.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी पाच वाजले, सव्वापाच झाले, आणि मुलगी आपली बोटं चोखत बापाकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच, आपोआप. मिस्त्रीने वही काढली. कोऱ्या राहिलेल्या त्या ओळीकडे पाहिलं आणि वही तशीच मिटून ठेवली. मग हसणाऱ्या पोरीला खांद्यावर घेतलं, पलंगाखालून मोडकी चप्पल पायाने ओढली, आणि दारापासून बाकापर्यंत चालायला लागला.