पस्तीस पावलं

मारुतरावांनी गवत ठासून भरलेलं पोतं कीकराच्या, म्हणजे इकडच्या बाभळीच्या, फांदीला बांधलं. हरणाची छाती जिथे येईल तिथे चुन्याचा ठिपका काढला आणि पाठ फिरवून पावलं टाकायला सुरुवात केली. पस्तिसाव्या पावलाला त्यांनी बुटाच्या टाचेने मातीत रेघ ओढली.

"इथून, साहेब."

मेजर बळवंत मोहित्यांनी आधी रेघेकडे पाहिलं, मग पोत्याकडे.

"लांब वाटतंय हो."

"रायफलीला हे काहीच नाही. रिव्हॉल्वरला एवढंच. ह्याच्या पुढनं मारलं तर जनावर नुसतं जखमी होऊन पळणार आणि चार दिवसांनी कुणाच्या तरी शेतात तडफडून मरणार."

मेजरांनी हात लांब केला, एक डोळा मिटला आणि लागोपाठ सहा वेळा चाप ओढला. पाच गोळ्या मागच्या दगडी भिंतीवर आपटल्या. फरीदाबादच्या मागे टेकड्यांच्या पायथ्याला ही दगडाची बंद खाण होती आणि तिथे गोळी वाया जाण्यापलीकडे कुणाचं काही नुकसान होण्यासारखं नव्हतं. सहावी पोत्याचा कोपरा फाडून गेली.

"खाली कर!" मारुतराव ओरडले.

हा आवाज नेहमीच्या बोलण्यातला नव्हता. पलटणीत ते आर्मरर हवालदार होते, साऱ्या पलटणीची हत्यारं त्यांच्या हाताखालून जात. चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, हा 'रिकामं कर'चा हुकूम झाला की हत्यार उघडायचं, रिकामं करून दाखवायचं, आणि त्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, मग तो शिपाई असो की कर्नल. मेजरांचा अंगठा आपसूक खटक्यावर गेला. रिव्हॉल्वर मधोमध मोडल्यागत उघडलं, नळी खाली झुकली आणि सहा रिकाम्या पुंगळ्या एकदम उसळून मातीत पडल्या. मेजर स्वतःशीच हसले.

"तेरा वर्षं झाली, यार. पण तुमचा आवाज ऐकला की हात आपले आपणच चालायला लागतात. दिमाग मागून येतो."

मारुतरावही हसले. गेला आठवडाभर ते कशालाही हसत होते. पलटण सुटल्यापासून ते फरीदाबादच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि इतक्या वर्षांत पलटणीतल्या कुणी त्यांची साधी चौकशी केली नव्हती. आणि अचानक त्यांच्या क्वार्टरसमोर जीप थांबली. खुद्द मेजरसाहेब उतरले, वाकून दारातून आत आले आणि म्हणाले, "रिव्हॉल्वरने काळवीट मारायचंय, मारुतराव. तयारी तुम्ही करून द्यायची." घरात दोन चांगल्या रायफली असलेल्या माणसाला रिव्हॉल्वरने शिकार कशाला करायची आहे, हे त्याच वेळी विचारायला हवं होतं. मारुतरावांनी विचारलं ते एवढंच, की चहात साखर किती.

कारण रिव्हॉल्वर आणि हरीण हे दोन शब्द एकत्र आले की मारुतरावांना एकच गोष्ट आठवायची. चव्वेचाळीसचा हिवाळा, इटलीचा डोंगर. रसद आणणारी खेचरं बर्फात अडकलेली, चौदा माणसं तीन दिवस बिस्किटांवर. तेव्हा लेफ्टनंट असलेल्या मोहित्यांचं दुरुस्त केलेलं रिव्हॉल्वर त्यांना द्यायला मारुतराव चढण चढत होते. लेफ्टनंट समोरून येत होते, आणि मध्ये धुक्यात एक हरीण उभं. पस्तीस पावलं, मारुतरावांच्या हातातलं ते रिव्हॉल्वर, एक गोळी. त्या रात्री चौदा जण पोटभर जेवले. पुढच्या दोन महिन्यांत त्यातले बरेच गेले, उरलेले आपापल्या गावी पांगले. मारुतरावांनी ती गोळी मारताना पाहणारा माणूस जगात एकच होता, आणि तो आता त्यांच्या खुर्चीत बसून चहा पीत होता.

मारुतरावांच्या आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच होतं. बाकी सगळं तेलाच्या चिंध्या आणि पान्हे. कारखान्याच्या वसाहतीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच खरी वाटत नव्हती. शेजारचा दत्तात्रय तर तोंडावर म्हणायचा, "काका, आणखी एक कप चहा घ्या म्हणजे वाघही पडेल." त्यांच्या बायकोला, ठकूबाईला, ते लागायचं. तिला स्वतःलाही गोष्ट खरी वाटायची की नाही, हे मारुतरावांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटायची.

"सायबांच्या तोंडनं येकदा ऐकू द्या की," त्या दिवशी जीप गेल्यावर ती म्हणाली होती. "माझ्यासमोर. मग बघते त्या दत्तूकडं."

गुरुवारी मारुतराव रिव्हॉल्वरची साफसफाई करायला छावणीतल्या मेजरांच्या बंगल्यावर गेले. मेजर ऑफिसात होते. त्यांच्या बायकोने, विजयालक्ष्मीबाईंनी, व्हरांड्यात टेबल मांडून दिलं, चहा आणला आणि स्वतःही समोर बसल्या. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या.

"रविवारी परीक्षा आहे बघा तुमच्या साहेबांची. मेसमध्ये ती इटलीची गोष्ट सांगितली, आणि ते नवे कर्नलसाहेब आलेत ना, ते म्हणाले, अच्छा, दोबारा करके दिखाओ. आता ते स्वतः बघायला येणार. अडकले बिचारे."

"कुठली गोष्ट, बाईसाहेब?"

"अहो, हरणाची! धुकं, पस्तीस पावलं, एक गोळी. मला बिल्कुल पाठ झालीय. तुम्हीही होतात ना तिथे? ते हरीण खांद्यावर टाकून खाली आणलंत ते तुम्हीच ना? तुमचं नाव ते दर वेळी घेतात हं. कधी विसरत नाहीत."

मारुतरावांच्या हातातली चिंधी नळीतून पुन्हा पुन्हा फिरत राहिली. नळी केव्हाच स्वच्छ झाली होती. गोष्टीत काही म्हणता काही चुकलं नव्हतं. चोराने सगळी भांडी जागच्या जागी ठेवून देव्हाऱ्यातला देव तेवढा न्यावा, तसं झालं होतं.

"हो, बाईसाहेब," ते म्हणाले. "उचलून मीच आणलं."

चहा त्यांनी संपवला. टाकून देणं बरं दिसलं नसतं.

शनिवारी खाणीत शेवटचा सराव होता. मारुतरावांनी रिव्हॉल्वर भरून मेजरांच्या हातात दिलं. त्यांना न सांगता सहा काडतुसांत त्यांनी एक वापरलेली पुंगळी घातली होती. तिसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा नुसता खट् आवाज झाला, गोळी सुटली नाही, तरी मेजरांचा हात धक्का बसावा तसा खाली गेला. डोळे घट्ट मिटले होते.

"आवाजाच्या आधीच दचकता, साहेब," मारुतराव म्हणाले. "इटलीत कसं मारलंत मग?"

 मेजर एका दगडावर बसले.

"विजूने सांगितलं?"

"त्यांची काही चूक नाही."

"पहिल्यांदा सांगितली तेव्हा तुमचीच म्हणून सांगितली होती, मारुतराव. शपथ घेऊन सांगतो. लोकांनी ऐकली, हं म्हणाले, आणि दुसरं बोलायला लागले. आपल्या हवालदाराने हरीण मारलं, ह्यात कुणाला काय? मग एकदा माझी म्हणून सांगितली. सगळे खुर्च्या ओढून जवळ आले." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "आता तर डोळे मिटले की मलाच धुक्यात माझा हात दिसतो."

 ह्या माणसाचं हत्यार त्यांनी तीन वर्षं स्वतःच्या पोरासारखं सांभाळलं होतं. रागापेक्षा त्यांना लाज जास्त वाटत होती, आणि ती का वाटावी हेच कळत नव्हतं.

"एक काम करा माझं," मेजर खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्याकडे दुसरं रिव्हॉल्वर आहे, ह्याच्याच जोडीचं. तुम्ही गाडीच्या चाकाआड बसा. मी हात उचलला की दोघांनी एकदम मारायचं. माझी लागणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. बघणारे लांब असतील."

बैलगाडीची कल्पना मारुतरावांचीच होती. माणूस दिसला की काळविटांचा कळप दोनशे पावलांवरूनच उधळतो, पण बैलगाडी त्यांच्या रोजच्या बघण्यातली. तिच्या आडोशाने चालत गेलं तर पस्तीस पावलांपर्यंत जाता येतं. ती युक्ती आता अशी कामी येणार होती.

"माझी एक अट आहे," मारुतराव म्हणाले. "शिकार झाली की तिथून सरळ माझ्या घरी यायचं. ठकूबाईला सांगायचं, इटलीत कुणी मारलं ते. दुसऱ्या कुणाला नको. चार भिंतींच्या आत, तिला एकटीला."

"वचन," मेजर म्हणाले आणि हात पुढे केला. मारुतरावांनी तो हातात घेतला.

रविवारी पहाटे ठकूबाईने शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. शेजारून कपबश्या मागून आणल्या होत्या.

"दत्तूलाबी बोलावते," ती म्हणाली.

"नको. फक्त तू."

"का वं?"

मारुतराव बुटाची नाडी बांधत राहिले. नाडी आधीच बांधलेली होती.

पलवलच्या पुढे मोहरी फुललेली होती. कालव्याच्या बांधावर जीप उभी राहिली. कर्नलसाहेब गळ्यात दुर्बीण अडकवून तिथे थांबले, शेजारी थर्मास घेऊन विजयालक्ष्मीबाई. खाली शेतांच्या कडेने बैलगाडी निघाली. गाडीवान बैलांशी नेहमीसारखं बोलत होता आणि गाडीच्या आडोशाने, वाकून, मेजर आणि मारुतराव चालत होते. कळपाने एकदा माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. गाडी वळसे घेत जवळ जवळ जात राहिली.

साठ पावलं. पन्नास. पस्तीस. काळा नर कळपापासून थोडा बाजूला होता. मारुतरावांनी गाडीवानाच्या पायाला हात लावला, गाडी थांबली. ते चाकाआड गुडघ्यावर बसले आणि दोन आऱ्यांमधून नळी पुढे काढली. मेजर चाकापासून एक पाऊल बाहेर आले. नराने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मेजरांनी हात उचलला.

आवाज एकच झाला. नर उंच उसळला, चार ढांगा गेला आणि मोहरीच्या कडेला कोसळला.

एकच. तो कुठून आला, हे मारुतरावांच्या मनगटाला ठाऊक होतं. त्यांनी वर पाहिलं. मेजरांचा चेहरा उजळला होता, डोळ्यांत पाणी होतं.

"लागली! मारुतराव, माझी लागली! तुमची कुठे गेली?"

 हा माणूस खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. पण त्याला खरंच वाटत होतं.

"साहेब, आता घरी—"

"घरी? अहो, आता ते कशाला?" मेजरांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "आता तर मी खरंच मारलं ना. जुनं उकरून काय करायचंय? वहिनींना मिठाई पाठवतो."

बांधावरून मंडळी खाली आली. कर्नलसाहेब लांबूनच ओरडत होते, "शाबाश, मोहिते! मान गए यार!" विजयालक्ष्मीबाई धापा टाकत मागून आल्या. कर्नलसाहेब तसेच नराकडे निघाले. मेजरही निघाले, आणि जाता जाता मागे न बघता म्हणाले, "मारुतराव, चलो, उठाओ. जीपपर्यंत घ्या."

ठकूबाईचा रवा एव्हाना भाजून झाला असेल, मागून आणलेल्या कपबश्या धुऊन पालथ्या घातल्या असतील. मारुतराव चाकाआडून बाहेर आले. त्यांनी टाचा जुळवल्या.

"खाली कर!"

आवाज मोहरीवरून पलीकडच्या बांधापर्यंत गेला. कर्नलसाहेब उचललेलं पाऊल तिथेच ठेवून थांबले. मेजर वळले, आणि चेहऱ्यावर काही उमटायच्या आत त्यांचा अंगठा खटक्यावर गेला. नळी झुकली. सहा काडतुसं ढेकळांत पडली. सहाही भरलेली, शिशाची टोकं जशीच्या तशी.

मेजर खाली बघत राहिले. मग हातातल्या रिव्हॉल्वरकडे, मग पुन्हा खाली. ते मोजत असावेत.

मारुतरावांनी आपलं रिव्हॉल्वर उघडून तळहातावर रिकामं केलं आणि शिस्तीप्रमाणे हात पुढे धरला. पाच काडतुसं आणि एक पुंगळी. कर्नलसाहेबांनी त्या हाताकडे पाहिलं, गाडीच्या चाकाकडे पाहिलं, आणि दुर्बीण तिच्या पेटीत ठेवायला लागले.

विजयालक्ष्मीबाई वाकल्या. ढेकळांतलं एक काडतूस त्यांनी उचललं, पदराने पुसलं आणि बराच वेळ बोटांत फिरवलं.

"मारुतराव," त्या म्हणाल्या, "इटलीतलं ते हरीण तुम्ही उचलून आणलंत, असं म्हणाला होतात ना?"

"हो, बाईसाहेब," मारुतराव म्हणाले. "उचललंही मीच."